घरच्या घरी जीपचा गिअरबॉक्स खाली घ्यायचाय (सीजे-३बी), कोणी केलंय का?

मखमलाबादचा_जीपवाला:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीये पण पूर्ण वाचा ही विनंती. आमच्याकडे वडिलांची १९७० ची महिंद्रा सीजे-३बी आहे, पेट्रोल, हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला जोडलेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). डिझेल इंजिन टाकलेलं नाही, आली तशीच आहे. द्राक्षबागेतले औषधाचे ड्रम, क्रेट, माणसं सगळं हिनेच ओढलंय. वडील आता ७३ चे आहेत, रोज सकाळी एकदा स्टार्ट करून बागेपर्यंत नेऊन आणतात.

प्रॉब्लेम असा की दिवाळीनंतर सप्तशृंगी गडावर गेलो होतो, उतरताना नांदुरीच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर सोडली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की दांडा आपोआप न्यूट्रलला. मागे आई, बायको, दोन पोरं. ब्रेकवर आणली खाली पण हातपाय गार पडले होते माझे. चढाला सटकत नाही, सपाटीला नाही, फक्त उताराला पाय उचलला की. तेव्हापासून दांडा हाताने दाबून धरतो, पण असं किती दिवस.

दुसरी गोष्ट, गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं पण खाली थेंब पडत नाही. परवा ट्रान्सफर केसचा ऑइल भरायचा बोल्ट सैल केला तर त्यातूनच भळाभळा बाहेर आलं. आणि पहिल्या गिअरला उचलताना गाडी थरथरते, म्हणजे क्लच प्लेट पण आली असेल.

शहरात दोन ठिकाणी दाखवली. एकाने न उघडताच सांगितलं हा काढून टाका, पाच गिअरचा बसवून देतो. दुसऱ्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि झाकणाच्या कडेने सिलिकॉन फासून परत दिली. म्हणून ठरवलंय की शेडमध्ये मीच खाली घेणार. ट्रॅक्टरची कामं घरी करतो, पाने आहेत, चुलतभाऊ मदतीला आहे. शेडची फरशी सिमेंटची, सपाट. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र खाली घ्यायचे का आधी सुटे करायचे, इंजिन उचलावं लागतं का आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी कुठे होते एवढं सांगा.

देवळाली_कॅम्प:
वाचलं सगळं. मी रिटायर्ड माणूस आहे, आयुष्य जीपच्या खाली गेलंय, तुझ्यापेक्षा मोठा असेन म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

काम घरी होतं. पण आधी एक विचारतो, गिअरबॉक्स खाली घ्यायची खरंच गरज आहे का हे तू बघितलंयस का? टी-९० मध्ये गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा वरच्या झाकणातच असतात, दांडा ज्या झाकणातून वर येतो तेच. त्यासाठी गाडीखाली जायचं काम नाही, आतल्या फ्लोअरची प्लेट उघड, गाडी न्यूट्रलला ठेव, झाकणाचे बोल्ट काढ आणि दांड्यासकट झाकण सरळ वर उचल. फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे चिमटे, पण झाकणाबरोबरच वर येतात. स्प्रिंग तुटली असेल, मऊ पडली असेल, फोर्क झिजून पातळ झाला असेल तर तिथेच कळेल. फोर्कचे शाफ्ट बाहेर ओढताना हाताखाली फडकं धर, गोळी बंदुकीसारखी उडते आणि शेडमध्ये परत सापडत नाही. झाकण उघडं आहे तोवर आत बॅटरी मारून दात बघ, सेकंड गिअर आणि खालचा काउंटर गिअर हाताने पुढेमागे हलवून बघ किती खेळतो ते.

उतारालाच का सटकतो तर चढाला इंजिन चाकांना ओढतं आणि उताराला चाकं इंजिनाला ढकलतात. दातांवरचा जोर उलट बाजूने येतो, मग थ्रस्ट वॉशर (गिअर पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेले असले की गिअर तेवढा सरकतो आणि गोळीची पकड कमी असेल तर सुटलाच. म्हणजे कारण वर पण असू शकतं आणि आत पण. आणखी एक बघ, गिअरबॉक्सला हाऊसिंगशी (इंजिनामागचं क्लचचं आवरण) धरणारे बोल्ट सैल आहेत का आणि क्रॉस मेंबरवरचं (चेसिसच्या आडव्या पट्टीवरचं) रबर दबून खचलंय का. गिअरबॉक्स तिरका लोंबत असेल तरी गिअर सटकतो.

ऑइलचं मात्र खाली घेतल्याशिवाय होणार नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधलं सील गेलंय, वाट फक्त आतून आहे म्हणून तुला खाली थेंब दिसत नाही. आणि कोरड्या गिअरबॉक्सवर किती महिने चालली असेल कोण जाणे, म्हणून सांगतो आजपासून चालवू नको.

मखमलाबादचा_जीपवाला:
काका राग कसला, उलट बरं वाटलं. झाकणातून बघता येतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, गॅरेजवाल्याने तर त्याच झाकणाला सिलिकॉन लावलं. शनिवारी उघडतो. पण सील आणि क्लच करायचाच आहे तर खाली घ्यावाच लागेल ना, मग ती पद्धत पण सांगून ठेवा.

देवळाली_कॅम्प:
सांगतो. एकदम वाच, मग काम कर.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेव की या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला जो ड्रम आहे त्यावर असतो. म्हणजे तू मागचा, मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडलास त्या क्षणी हँडब्रेक गेला. गिअरमध्ये ठेवून पण उपयोग नाही, चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटला. दिसायला हँडब्रेक वर ओढलेला असतो आणि गाडी मोकळी असते. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके, आणि हे पाना हातात घ्यायच्या आधी.

दोन्ही एकत्र खाली घे. जागेवर सुटे करायला जाऊ नको, गाडीखाली झोपून ते होत नाही, टेबलावर घेतल्यावर सोपं आहे. आधी दोन्हीचं ऑइल वेगवेगळ्या डब्यात काढ आणि त्यात चुंबक फिरवून बघ काय निघतंय ते. मग आतून फ्लोअर प्लेट, गिअरचा दांडा झाकणासकट, ट्रान्सफर केसचे दोन्ही दांडे. भोकावर स्वच्छ कापड बांध, वरून नट आत पडला तर दिवस गेला. मग खाली जा. पुढचा आणि मागचा शाफ्ट सोड, जिथे यू-बोल्ट आहेत तिथे शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोप्यांना लगेच चिकटपट्टी गुंडाळ नाहीतर टोपी निसटते आणि आतल्या सुया मातीत. स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी.

आता जॅक दोन लागतील. एक इंजिनाच्या संपखाली (तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली), मध्ये जाड लाकूड घालून, संप पत्र्याचा असतो, डायरेक्ट जॅक लावला तर चेपतो. दुसरा गिअरबॉक्सखाली. इंजिन बाहेर काढायचं नाही, फक्त आधार, कारण इंजिनाची मागची बाजू त्याच क्रॉस मेंबरवर टेकलेली असते जो तू आता काढणार आहेस. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे नट, बाजूच्या रबराचा बोल्ट, मग क्रॉस मेंबरचे चेसिसचे बोल्ट आणि क्रॉस मेंबर बाहेर. मग हाऊसिंगचे बोल्ट. हाऊसिंग इंजिनालाच राहू दे.

इथे लोक अडकतात. सगळे बोल्ट निघाले तरी डबा हलत नाही, मग पहार घालतात. क्लचच्या नळीचा बॉल गिअरबॉक्सच्या बाजूला बसलेला असतो, गिअरबॉक्स थोडा बाजूला दाबून तो बॉल सुटा केला की मग मागे सरकतो. दोन्ही जॅक थोडे थोडे, बरोबरीने खाली, आणि सरळ मागे ओढायचा. पुढचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्सचं वजन एक क्षण पण त्या शाफ्टवर लोंबू द्यायचं नाही. लोंबला की क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, दिसत नाही, आणि सगळं बसवल्यावर क्लच सुटत नाही म्हणून परत सगळं खाली.

पंचवटी_गॅरेज:
माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे म्हणून गिऱ्हाईक ओढायला लिहितोय असं समजू नका. काका म्हणतायत ते सगळं बरोबर आहे, पण जीपवाले भाऊ तुम्ही एक लिहिलंच नाही, गाडी कशावर ठेवणार? मी शिकाऊ असताना ज्यांच्याकडे होतो तिथे विटांवर गाडी ठेवायची पद्धत होती. एक दिवस वीट मधून फुटली, आवाज फक्त चुर्र असा आला, आणि गाडी ज्या जागी बसली तिथून माझा सोबती चहा आणायला म्हणून दोनच मिनिटं आधी उठला होता. २२ वर्षं झाली तरी तो आवाज माझ्या कानात आहे.

वीट नाही, सिमेंटचा ब्लॉक नाही, नुसता जॅक तर अजिबात नाही. चांगल्या लोखंडी घोड्या घ्या, चेसिसखाली लावा, लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघा, हलली नाही तरच खाली जा. आणि गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट म्हणजे एका माणसाएवढं वजन असतं, ते छातीवर घेऊन खाली यायचं धाडस पोरं करतात. तुम्ही करू नका. जॅकच्या डोक्यावर फळी बसवा, त्यावर गिअरबॉक्स पट्ट्याने बांधा.

मला विचाराल तर उतरवणं घरी करा पण आतलं काम, म्हणजे बेअरिंग, काउंटर शाफ्ट वगैरे, ज्याने टी-९० उघडलाय अशाकडेच द्या.

सातपूर_टूलरूम:
काका आणि पंचवटीवाले दोघांनी मेन गोष्टी सांगितल्या, मी फक्त पाने आणि बसवण्याबद्दल बोलतो.

ट्रॅक्टरचे पाने आहेत म्हणालात ते मिलिमीटरचे असतील तर थांबा. ही गाडी इंची आहे, १/२, ९/१६, ५/८, ३/४ हे लागतीलच. ९/१६ च्या बोल्टवर १४ चा पाना जात नाही म्हणून लोक १५ चा लावतात आणि पन्नास वर्षांचा बोल्ट गोल होऊन बसतो. आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट जिथला तिथे पुठ्ठ्यावर चित्र काढून खोचा, कुठला लांब कुठला आखूड हे आठवड्याने कोणालाच आठवत नाही.

बसवताना खरी कसरत. हाऊसिंगच्या बोल्टच्याच आट्याचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापून टाका, टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि हाऊसिंगच्या वरच्या दोन भोकांत बसवा. गिअरबॉक्स त्यांच्यावर सरकत सरळ आत जातो, शाफ्टवर भार येत नाही. बसल्यावर एकेक काढून मूळ बोल्ट लावा. क्लच प्लेट मधोमध आणायला कुठून तरी टी-९० चा जुना इनपुट शाफ्ट, म्हणजे काका म्हणतात तो पुढचा, मिळाला तर सगळ्यात भारी, नाहीतर मी सागवानी दांडा टर्न करून देतो, सातपूरलाच आहे, प्लेट आणि पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं तो) घेऊन या माप घ्यायला.

शेवटचा अर्धा इंच आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, हाऊसिंगचे कान बिडाचे आहेत, तुटतात. गिअर टाका, मागचा ड्रम हाताने हळू फिरवा, शाफ्टवरच्या खाचा (स्प्लाइन) जुळल्या की टक् करून बसतो.

आणि ऑइल जीएल-४ च्या ग्रेडचं ९० नंबर घ्या. दुकानदार जीएल-५ देतो, तेच भारी म्हणून, पण सिंक्रोच्या (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असतात त्या) रिंगा पितळेच्या असतात, जीएल-५ मधल्या काही केमिकलने पितळ खराब होतं.

मखमलाबादचा_जीपवाला:
अपडेट देतो. शनिवारी झाकण उघडलं. काका, सेकंड-थर्डच्या शाफ्टची स्प्रिंग दोन तुकडे होऊन पडली होती. फोर्क ठीक आहे. नवीन स्प्रिंग टाकली, ऑइल भरलं आणि फक्त तपासायला म्हणून शेतातल्या उतारावर नेली, तर पूर्वी दहापैकी आठदा सटकायचा तो आता दोन-तीनदा सटकतो. म्हणजे अर्धं उत्तर वर होतं आणि अर्धं आत आहे. खालचा काउंटर गिअर हाताने पुढेमागे चांगलाच हलतो. तर खाली घेतोय. घोड्या चार आणल्या, इंची पाने आणले.

एक शंका, टेबलावर दोन्ही सुटे करताना काही काळजी?

देवळाली_कॅम्प:
स्प्रिंग सापडली हे छान झालं.

हो, आहे काळजी, आणि बरं झालं विचारलंस. ट्रान्सफर केसच्या मागचं गोल झाकण काढ, आत मेन शाफ्टच्या टोकाला नट आहे, त्याची पिन सरळ करून काढ, नट सोड, गिअर ओढून घे. पण त्यानंतर ट्रान्सफर केस वेगळा ओढताना मेन शाफ्ट पण त्याच्याबरोबर मागे येऊ बघतो. तो आला की पुढे इनपुट शाफ्टच्या पोटातले रोलर सुटतात आणि सिंक्रोचं सगळं आत कोसळतं. म्हणून आधी जाड तार घे, सेकंड गिअरच्या लगेच मागे मेन शाफ्टला वेढा घाल, दोन्ही टोकं वर आणून वरच्या झाकणाच्या पुढच्या दोन बोल्टच्या भोकांत बोल्ट लावून त्यांना पिळून घट्ट बांध. शाफ्ट जागेवर राहतो. मग दोन्हींना जोडणारे बोल्ट काढ आणि लाकडी हातोड्याने हलके ठोक. साधी तार आहे पण ती विसरलास तर नुसते रोलर शोधण्यात संध्याकाळ होईल.

सील घालायच्या आधी शाफ्टवर जिथे सीलची ओठ बसते तिथे नखाने घासून बघ. खाच लागली तर नवीन सील पण गळणार.

निफाड_गारठा:
काकांचा तारेचा मुद्दा सोन्यासारखा आहे, मी विसरलो होतो मागच्या वर्षी. दोन रोलर कमी भरले आणि टेबलाखाली तिसऱ्या दिवशी सापडले, तोवर गिअरबॉक्स बंद करून झाला होता, परत उघडला. रोलर मोजून ठेवा आणि ग्रीसमध्ये चिकटवून बसवा.

पायलट बुश विसरू नका, क्रँकच्या टोकात असतो तो. माझा अंडाकृती झाला होता. काढायला पुलर नव्हता तर आत गच्च ग्रीस भरलं, मापाचा दांडा घातला आणि वरून हातोडी मारली, ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर आला. क्लचचं रिलीज बेअरिंग कसं आहे आणि इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑइल येतंय का हे पण आत्ताच बघा, परत कोण खाली घेणार.

मखमलाबादचा_जीपवाला:
झालं मंडळी. तीन रविवार लागले पण झालं.

खाली यायला अख्खा एक दिवस गेला, त्यातले दोन तास फक्त क्रॉस मेंबरच्या एका बोल्टवर. बॉलचं काकांनी सांगितलं नसतं तर मी नक्की पहार घातली असती, सगळे बोल्ट काढल्यावर डबा अगदी वेल्डिंग केल्यासारखा बसला होता, चुलतभावाने बाजूने खांदा लावला आणि खट् करून सुटला. मागचा शाफ्ट सोडल्यावर मुद्दाम हँडब्रेक ओढून बघितला, ड्रम घट्ट आणि मागचं उचललेलं चाक हाताने गरगर फिरतंय. ते बघून दोघं पण दोन मिनिटं गप्प झालो, गुटके परत एकदा ठोकले.

आत काय होतं तर काउंटर शाफ्टचे थ्रस्ट वॉशर पत्र्यासारखे पातळ, पायलट बुश अंडाकृती, मधलं सील कडक होऊन बिस्किटासारखं तुटलं. क्लच प्लेटचे रिव्हेट वर आले होते, फ्लायव्हीलवर हलक्या रेघा, तो ग्राइंड करून घेतला. दात सगळे चांगले निघाले, एक पण तुटका नाही. पंचवटीवाल्या भाऊंचं ऐकलं, वॉशर, बेअरिंग आणि सील बसवायचं काम त्यांच्याकडेच दिलं, मी शेजारी बसून बघितलं. टूलरूमवाल्या दादांनी सागवानी दांडा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, तो आता शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगलाय.

वडील रोज खुर्ची टाकून समोर बसायचे, काही बोलायचे नाहीत. काल बसवून झाल्यावर त्यांनीच चावी घेतली. मखमलाबादहून बाहेर पडून उतारावर दुसरा टाकला, ॲक्सिलरेटर सोडला आणि दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. खालपर्यंत तसाच ठेवला होता.

निफाड_गारठा:
वा वा, मन भरलं वाचून. दांडा उडाला नाही ना एकदाही?

मखमलाबादचा_जीपवाला:
नाही दादा, सहा वेळा वर-खाली केलं, एकदाही नाही. थरथर पण गेली. आज सकाळी दोन्ही बोल्ट उघडून ऑइलची लेव्हल बघितली, दोन्हीकडे काठाला आहे. अजून पाचशे किलोमीटरनंतर परत बघून इथेच लिहितो. वरच्या झाकणाला पॅकिंग पेपर घरीच कापून लावलाय, सिलिकॉन सगळं खरवडून काढलं.

देवळाली_कॅम्प:
पाचशेला ऑइल बदलूनच टाक, नवीन वॉशर-बुश बसताना बारीक कीस निघतो. आणि हाऊसिंगचे बोल्ट शंभर किलोमीटरवर एकदा परत आवळ. वडिलांना नमस्कार सांग.